सायरन तिकडचा, तळघर रेजिनाचं

कॅनडाला जाऊन आले म्हटल्यावर लोक दोनच प्रश्न विचारतात. थंडी किती होती, आणि नायगारा पाहिला का. थंडी भरपूर होती. नायगारा पाहिला नाही. त्याऐवजी रेजिना नावाच्या गावातल्या एका हॉटेलची लॉन्ड्री मी फार नीट पाहिली, आणि जे तिकडे कधी जाणार नाहीत त्यांच्यासाठी त्या लॉन्ड्रीचंच वर्णन लिहायला बसले आहे. धबधब्याचे फोटो काय, सगळ्यांच्या फोनमध्ये असतातच.

मी नागपूरची. जिल्हा कचेरीच्या संगणक विभागात नोकरी केली. तालुक्यातालुक्यात दाखले देणारी सेवा केंद्रं उघडायची, हे माझं काम. पाहुणे येऊन फीत कापायचे, आणि फीत कापून झाली की वीज जायची. निवृत्त झाल्यावर या अनुभवावर मी एका परिसंवादात बोलले, ते कुणीतरी इंटरनेटवर टाकलं आणि कॅनडातल्या एका संस्थेचं आमंत्रण आलं. विषय होता, ‘युद्धग्रस्त देशातील प्रादेशिक डिजिटल परिवर्तन आणि आर्थिक पुनरुज्जीवन’. देश म्हणजे युक्रेन. तिथल्या एका गावाला मदत करायची की नाही हे ठरवणाऱ्या कमिटीवर त्यांना ‘ग्लोबल साउथ’मधलं कुणीतरी हवं होतं. ज्या शहरात देशाच्या मध्याचा शून्य मैलाचा दगड आहे, त्या शहरची बाई म्हणून मी आजवर मिरवत आले होते. एका ईमेलने दक्षिणेकडची झाले. पण तिकीट त्यांचं होतं आणि माझी भाची केतकी रेजिनातच राहते. मग दिशा कुठलीही चालेल, म्हटलं.

ब्रॅम्पटन

टोरंटोला विमान बदलायचं होतं. मध्ये एक दिवस मोकळा होता, म्हणून मैत्रिणीच्या मुलीकडे, सायलीकडे, ब्रॅम्पटनला गेले. सायली तिथल्या एका कॉलेजात शिकते आणि उरलेल्या वेळात गोदामात खोकी चिकटवते. तिच्या आईने नागपुरात सगळ्यांना सांगितलं आहे की पोरगी बंगल्यात राहते. ते खोटं नाही. बंगल्याच्या खाली राहते.

“मावशी, डोकं सांभाळा, सीलिंग लो आहे,” जिना उतरताना सायली म्हणाली. “आम्ही चौघी शेअर करतो बेसमेंट. वॉशरूम एकच आहे, पण आम्ही टाइमटेबल केलंय.”

“खिडकी?”

“आहे ना! फ्रिजच्या मागे.”

तिने पोहे केले होते. शेंगदाणे होते, वाटाणे होते, लिंबाऐवजी बाटलीतला लिंबाचा रस होता. छान झाले होते. खाता खाता मी विचारलं, तुझ्या त्या कायमच्या वास्तव्याचं काय झालं?

“पीआर ना? अप्लाय केलंय. पोर्टलवर ‘इन प्रोग्रेस’ येतं. मी रोज सकाळी चेक करते, दात घासायच्या आधी.”

“आणि रोज तेच येतं?”

“रोज तेच. पण मावशी, पोर्टल एकदम फास्ट आहे हं. लगेच सांगतं की अजून काही झालेलं नाही.”

मी अशी पोर्टलं उभी करण्यात हयात घालवली, त्यामुळे मला हसू आलं आणि जरा लाजही वाटली. त्या देशात ज्यांचं बस्तान बसलं ते जमिनीच्या वर राहतात आणि ज्यांचं बसायचं आहे ते खाली, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं. तळघर म्हणजे काय याबद्दलचं माझं शिक्षण तिथे सुरू झालं. पुढे ते बरंच वाढायचं होतं.

रेजिना

रेजिना इतकं सपाट आहे की विमान उतरलं तरी आपण उतरलो असं वाटत नाही, जमीन वर आली असं वाटतं. एप्रिल संपत आला होता आणि रस्त्याच्या कडेला मळकट बर्फाचे ढिगारे होते. विमानतळावर केतकी, तिचा नवरा प्रसाद आणि त्यांची इरा घ्यायला आले होते. प्रसाद मूळचा आमच्या धंतोलीचा. इथे सरकारी खात्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, पण बोलण्यातलं नागपूर त्याने सीमाशुल्क न भरता आणलेलं आहे.

“जॅकेट कुठाय मावशी? असंच येऊन राहिल्या का तुम्ही?”

“अरे, एप्रिल आहे ना?”

“ते कॅलेंडरमध्ये. मी अजून विंटर टायर नाही काढले. मागच्या वीकात पुन्हा बर्फ शोव्हल करा लागलं.”

इराने माझ्या गळ्यात हात टाकले. “हाय आजी! डिड यू ब्रिंग चकली?”

चकली आणली होती. त्यामुळे पुढचे दिवस इंग्रजीतून का होईना, माझ्यावर भरपूर प्रेम झालं.

दुसऱ्या दिवशी परिषदेच्या हॉटेलात गेले. दारातच नाव नोंदवायचं एक अ‍ॅप होतं. ते चालत नव्हतं. माझ्यापुढे जाड वेणीचा अंबाडा घातलेली, पन्नाशीची एक बाई उभी होती. तिने फोन काढून दाखवला. त्यात तिचा पासपोर्ट, ओळखपत्र, वाहन परवाना, सगळं सरकारी अ‍ॅपमध्ये होतं.

“फार छान,” टेबलामागची मुलगी गोड हसून म्हणाली. “पण आम्हाला प्रिंट लागेल.”

बाईला वाटलं आपल्याला इंग्रजी कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं. प्रिंटच लागणार होती. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. फक्त ‘दोन प्रती, स्वतः साक्षांकित’ तेवढं राहिलं होतं.

ती बाई म्हणजे हालिना. जिच्यासाठी ही कमिटी बसणार होती ती हीच. युक्रेनच्या पूर्वेकडच्या एका छोट्या शहरात ती नागरिक सेवा केंद्र चालवते. शहराचं नाव मी लिहीत नाही. तिने तसं बजावलं आहे, आणि तिच्या सादरीकरणातल्या नकाशावरही तो भाग मुद्दाम पुसट केलेला होता. आम्ही दोघी तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलायचो. ते इथे मी सरळ मराठीत लिहिते, नाहीतर आम्ही दोघी आहोत त्यापेक्षा बावळट वाटू.

स्वागताला संस्थेने प्रत्येक पाहुणीला दोन-दोन गुलाब दिले. हालिनाने ते घेतले आणि तिचा चेहरा पडला. मग इकडेतिकडे बघून तिने त्यातला एक हळूच माझ्या हातात सरकवला.

“आमच्याकडे सम संख्येत फुलं फक्त मेलेल्यांना देतात,” ती म्हणाली.

“आमच्याकडे आहेराच्या पाकिटात वर एक रुपया जास्तीचा घालतात,” मी म्हटलं. “शंभर कधी देत नाही. एकशे एक.”

तिने मान डोलावली. तिच्याकडे एक गुलाब उरला, माझ्याकडे तीन झाले. दोघींचं भागलं. डिजिटल परिवर्तनाच्या परिषदेत आमचं पहिलं सहकार्य हे असं झालं.

दुपारी जेवायला पेरोगी होत्या. या प्रांतात शंभरेक वर्षांपूर्वी युक्रेनमधून शेतकरी येऊन वसले. त्यांच्या पतवंडांना ती भाषा येत नाही, पण पेरोगी येतात. करंजीच समजा, फक्त उकडलेली, आत बटाटा आणि वर परतलेला कांदा. कमिटीचा अध्यक्ष ग्रेग अशाच एका घराण्यातला. उंच, लाल गालांचा, मनाने फार चांगला आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी आपली माफी मागणारा. त्याने हालिनाला आपल्या आजीची पेरोगीची कृती सांगितली. हालिनाने ती अतिशय गंभीरपणे ऐकून घेतली.

मधाची बाटली

हालिनाला हवं तरी काय होतं, ते सांगते. तिच्या शहरापासून नदीपलीकडे एक खेडं आहे. ते काही काळ शत्रूच्या ताब्यात होतं, मग सुटलं. पूल पडलेला, रस्त्याच्या दोन्ही अंगांना सुरुंग पेरलेले, बस कधी येते कधी नाही. तरुणांकडे फोन आहेत, ते अ‍ॅपवर सगळं करतात. पण तरुण फारसे उरलेले नाहीत. जे परत आलेत ते म्हातारे, आणि त्यांना पडलेल्या घराची भरपाई मागायची तर, पेन्शन चालू करायची तर, धंदा नोंदवायचा तर, त्या रस्त्याने शहरात यावं लागतं. हालिनाला त्या खेड्यात शाळेच्या तळघरात एक लहान केंद्र उघडायचं होतं. यंत्रं, उपग्रहाचं इंटरनेट, बॅटरी, एवढंच. ते द्यायचं की नाही हे आमच्या कमिटीने ठरवायचं होतं.

“गाव परत आलं हे कधी समजायचं?” ती मला म्हणाली. “लोक परत येतात तेव्हा नाही. ते परत जातातही. कुणीतरी धंदा नोंदवतं, तेव्हा समजायचं.”

धंदा नोंदवायला बसलेली एक होती. ओल्हा आजी. मधमाश्या पाळते. तिचं घर पडलं, पेट्या वाचल्या. मध उत्तम, पण नोंदणी नाही, म्हणून लेबल नाही, म्हणून दुकानदार घेत नाही. शहरात जाऊन नोंदणी करायला ती तयार नव्हती. त्या रस्त्यावरच्या सुरुंगानेच तिचा शेजारी गेला होता. तिने हालिनाबरोबर कमिटीसाठी मधाची एक बाटली पाठवली होती. लोणच्याची जुनी बाटली, वरून कापड बांधलेलं.

हालिनाने ती पहिल्याच बैठकीत टेबलावर ठेवली. सगळे कौतुकाने बघत राहिले. चमचा कुणी उचलेना.

“यात नेमके काय घटक आहेत?” मार्था नावाच्या सदस्यबाईंनी विचारलं. जोखीम व्यवस्थापन हा त्यांचा विषय.

“मध,” हालिना म्हणाली.

“हो, पण लेबल नाहीये.”

“लेबल नाही, म्हणूनच मी आले आहे.”

मार्थाने सहानुभूतीने मान हलवली आणि बाटली हळूच ग्रेगकडे सरकवली. ग्रेगने माफी मागून ती माझ्याकडे सरकवली. मी कापड सोडलं, बोट बुडवलं आणि चाटलं. वर आजी-मावशांच्या थाटात “वा!” म्हटलं. मला वाटलं आता तरी कुणी घेईल. ग्रेगने ‘पाहुण्यांनी चव घेतली’ अशी नोंद करून घेतली.

संध्याकाळी ती बाटली मी केतकीकडे नेली. हालिनालाही जेवायला नेलं. तिने गरम पोळीला तूप आणि तो मध लावून एकामागून एक अशा पोळ्या खाल्ल्या की केतकीला पुन्हा कणीक भिजवावी लागली. केतकी खूष. इतक्या वर्षांत तिच्या पोळ्यांचं असं चीज प्रसादने कधी केलं नव्हतं.

जेवताना हालिनाचा फोन एकदम केकाटला. खराखुरा भोंगा, घर दणाणून टाकणारा. इरा कान झाकून ओरडली. हालिनाने खुर्ची मागे सारली, ताट उचललं आणि ती अर्धवट उभी राहिली. मग खिडकीतून शेजाऱ्याची बार्बेक्यूची शेगडी दिसली तशी खाली बसली.

“माफ करा. तिकडच्या हवाई हल्ल्याची सूचना आहे.”

“अहो, मग इथे बंद करून ठेवा ना तो,” केतकी म्हणाली.

“ठेवला होता. मग तो दिवसभर वाजतोय असं वाटत राहतं. त्यापेक्षा वाजू दे.”

ती बोलत बोलत फोनवर काहीतरी बघत होती. थोड्या वेळाने पडद्यावर अधिकचं चिन्ह उमटलं. नुसतं एक +. मग आणखी एक. तिने फोन उलटा ठेवला आणि पोळी मागितली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, सायरन झाला की आम्ही एकमेकांना एवढंच पाठवतो. लांब लिहायला वेळ नसतो, आणि लिहिण्यासारखं दुसरं असतंही काय? आहे, एवढंच.

कमिटीचा दिवस

कमिटीचं घोडं अडलं होतं ‘अखंड सेवा’ या एका कलमावर. कामाच्या वेळात सेवा बंद पडणार नाही अशी हमी असल्याशिवाय संस्था केंद्राला मदत करत नाही. नियम चांगलाच आहे. आमच्याकडे असता तर मी एकही केंद्र उघडू शकले नसते.

“सायरन किती वेळा होतो?” मार्थाने विचारलं.

“रोज. कधी कधी दिवसातून बऱ्याचदा.”

“आणि तेवढा वेळ काम बंद?”

“नाही. काम खाली जातं, शेजारच्या ग्रंथालयाच्या तळघरात. मी तुम्हाला सांगितलं ना, प्रत्येकाचं ठरलेलं आहे. इरिना प्रिंटर घेते, मिकोला बॅटरी घेतो, मी लॅपटॉप. लोक आपापला नंबर धरून येतात.”

“पण त्या तळघराला दुसरा दरवाजा आहे का? आपत्कालीन?”

हालिनाने ग्रेगकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “बाई, आपत्ती बाहेर असते. एक दरवाजा आहे, तो आम्ही लावून घेतो.”

मार्थाने खेदाने काहीतरी लिहिलं. ग्रेग म्हणाला की आपल्याला मनापासून मदत करायची आहे, पण कलम म्हणजे कलम, आणि त्याबद्दल तो दिलगीर आहे. हालिना अजिबात चिडली नाही. तिच्या हाताखालचा कागद मात्र तिने इतका घड्या घालून बारीक केला की तो मुठीत मावत होता. मला कळलं, हे गेलं. मी माझ्या परीने दोन वाक्यं बोलले, ‘दक्षिणेचा दृष्टिकोन’ म्हणून त्याबद्दल आभारही मानले गेले.

भिंतीवरच्या पडद्यावर तिच्या शहरातलं केंद्र थेट दिसत होतं. तिकडे संध्याकाळ होती, तिचे सहकारी इरिना आणि मिकोला आमच्यासाठी थांबले होते, आणि ते थांबलेत म्हणून लोकही थांबले होते. कोपऱ्यातला एक म्हातारा टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

आणि हालिनाचा फोन केकाटला.

पडद्यावरची माणसं उठली आणि पडदा काळा झाला. पुढचं सगळं इतकं पटकन झालं की मला नीट आठवायलाही वेळ लागतो. हालिनाने लॅपटॉप मिटला, चार्जर गुंडाळला, कॉफीचा कप उचलला आणि ती चालू लागली. धावली नाही, चालली, दाराबाहेर, कॉरिडॉरमधून, जिन्याची पाटी बघून खाली. तिची नजर बघून मला समजलं की ती रेजिनात नाहीये. मी तिच्या मागे गेले.

माझ्या मागे कमिटी आली.

कॅनडातली माणसं अशी की पाहुणा उठून चालू लागला तर कुठे म्हणून विचारणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं. ओळीने, एकमेकांसाठी दार धरून, “आधी तुम्ही”, “नाही, तुम्ही” करत सगळे आपापले कॉफीचे कप सांभाळत जिना उतरले.

खाली लॉन्ड्री होती. मोठाले ड्रायर गरगरत होते, उबदार ओलसर वास होता आणि एक बाई टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिने आमच्याकडे बघितलं आणि घड्या चालू ठेवल्या. हालिना कपड्यांची एक टोपली उलटी करून तिच्यावर बसली, लॅपटॉप मांडीवर उघडला, आणि मग तिने मान वर केली. समोर सबंध कमिटी उभी.

“मी हे काय केलं?” ती माझ्या कानाशी पुटपुटली.

मी तिचा दंड दाबला. “बोलत राहा.”

“पण मी…”

“बोल म्हणते ना!”

आणि ग्रेग म्हणाला, “ब्रिलियंट! मला काही सुचतच नाहीये. आम्हाला प्रत्यक्ष खाली आणलंत तुम्ही. वेरी इमर्सिव्ह.”

मार्थासुद्धा भारावली होती. ती दुसरा दरवाजा शोधत होती बहुतेक, पण जिथे असायला हवा तिथे टॉवेलांची चळत होती, म्हणून तीही एका टोपलीवर बसली.

हालिना बोलू लागली. टोकन कसं तेच राहतं, अर्ज अर्धवट राहिला तर कसा जपला जातो, म्हाताऱ्यांना जिना उतरायला कोण हात देतं. आवाज स्थिर होता. पण तिची नजर मांडीवरच्या फोनवर होती, आणि मलाच ठाऊक होतं ती कशाची वाट बघते आहे. नेहमीपेक्षा उशीर होत होता. ड्रायर थांबला, त्या बाईने दुसरा लावला. हालिना तेच वाक्य दुसऱ्यांदा बोलली. मी मनात आमच्या टेकडीच्या गणपतीला साकडं घातलं, आणि मी काही देवभोळी बाई नाही.

एक + आलं. मग दुसरं.

“ही मतं आहेत का?” ग्रेगने वाकून विचारलं.

“हजेरी,” हालिना म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज फाटला.

ग्रेगने आपल्या फोनवरून नेट जोडून दिलं. चित्र आलं तेव्हा ते ग्रंथालयाच्या तळघरातलं होतं. मिकोलाच्या बॅटरीवर दिवा लागलेला, इरिनाचा प्रिंटर मुरंब्याच्या बरण्यांच्या शेजारी. टोपीवाला म्हातारा खुर्चीवर बसून सही करत होता. त्याने आमच्या दिशेने बघितलं, आमच्यामागचे ड्रायर बघितले आणि काहीतरी विचारलं.

“विचारतोय, तुमच्याकडेही सुरू झालं का?” हालिनाने सांगितलं.

निघताना

दुसऱ्या दिवशी मंजुरी मिळाली. ‘सेवेचे सातत्य अत्यंत परिणामकारक प्रात्यक्षिकाने सिद्ध झाले’ असं त्यात लिहिलं होतं. अट एकच होती, की कर्मचाऱ्यांनी कामाच्या जागेवरील सुरक्षिततेचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावा. त्यात शिडी कशी चढावी आणि ओल्या फरशीवर कसं चालावं हे धडे होते. ग्रेगने हालिनाला असंही सांगितलं की पुढच्या वर्षी देणगीदारांसाठी हाच प्रयोग करू, ध्वनिमुद्रित सायरन लावून.

केतकीच्या घरी हालिना आनंदात नव्हती.

“मी त्याला सांगायला हवं. त्याला वाटतंय मी नाटक केलं.”

“सांगशील तर काय होईल?”

“कदाचित काही नाही. कदाचित पुन्हा बैठक होईल.”

“मग केंद्र उघडू दे, आणि सांग,” मी म्हटलं. “उघडेल त्या दिवशी सांग. तोवर तोंडात मध धरून बस.”

ती हसली. “त्या दिवशी सांगेन. नक्की.”

निघायच्या वेळी केतकीने तिच्या तळहातावर दही घातलं. हालिनाने ते चाटलं, पण दाराकडे काही जाईना. त्यांच्याकडे प्रवासाला निघताना सगळ्यांनी जरा वेळ गप्प बसायचं असतं म्हणे. आम्ही बसलो. प्रसाद गाडीची किल्ली हातात घेऊन बुटांच्या स्टँडवर, मी तिच्या बॅगेवर. इरासुद्धा काही बोलली नाही. बाहेर हलका बर्फ पडायला लागला होता. मला तिला जाऊ द्यावंसं वाटत नव्हतं, हे आता लिहून टाकते. मग ती उठली आणि गेली.

नागपूर

मी परत आले, उन्हाळा गेला, पाऊस गेला. ग्रेगने फोनवर आमचा एक ग्रुप केला होता, ‘लॉन्ड्री टीम’. त्यावर तो अधूनमधून अहवाल टाकायचा आणि त्यांच्या लांबीबद्दल माफी मागायचा. यंत्रं पोचली. बॅटऱ्या सीमेवर अडकल्या, सुटल्या. सगळ्यांचे शिडीचे धडे पूर्ण झाले. मिकोला त्यात पहिला आला.

उद्घाटन दिवाळीच्या आधी ठरलं. इथे संध्याकाळ होती, रेजिनात सकाळ. ग्रेग आणि मार्था त्यांच्या ऑफिसातून बघत होते. मी चकल्या पाडत होते, फोन तेलाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. शाळेसमोर थोडी माणसं जमली होती. हालिनाच्या हातात कात्री होती. फुलं होती, ती मी मोजली, बरोबर विषम होती. रुमाल बांधलेली, काठीवर रेललेली एक म्हातारी अगदी पुढे उभी होती. ती ओल्हा आजी.

हालिनाने फीत कापली आणि सायरन झाला.

चित्र हललं, पाय दिसले, एक पायरी दिसली, आणि बंद झालं. मी गॅस बारीक केला. काही येईना. तेवढ्यात आमच्याकडची वीज गेली, फीत कापल्यावर जाते तशी. अंधारात फोनचा तेवढा उजेड होता.

ग्रुपवर ग्रेगचा संदेश आला. “वा! हा प्रात्यक्षिकाचा भाग आहे का?”

सोऱ्या माझ्या हातात तसाच राहिला. घाणा कढईत करपत होता, वास येत होता, मला तो काढायचं सुचत नव्हतं.

मग मिकोलाचं + आलं. मग इरिनाचं. मग बराच वेळ काहीच नाही. मी ‘हालिना’ एवढं टाइप केलं आणि पुसलं.

मग हालिनाचं +.

त्याच्यापाठोपाठ एक फोटो आला. तळघर, मिणमिणता दिवा, आणि खुर्चीवर ताठ बसलेली ओल्हा आजी. मांडीवर मधाची बाटली, तशीच लोणच्याची जुनी. तिच्यावर नवं, जरा तिरकं चिकटवलेलं लेबल होतं.

आणि खाली हालिनाने लिहिलं होतं, “नाही, ग्रेग. तेव्हाही नव्हता.”

पलीकडे ग्रेग टाइप करतोय असं दिसत होतं. थांबला. पुन्हा टाइप करू लागला. मला वाटलं, आता लांबलचक माफी येणार. पुन्हा थांबला. मग रेजिनाहून एकच चिन्ह आलं, +, आणि लगोलग मार्थाचं.

अंधारात पिठाच्या बोटाने मीही माझं पाठवलं.